दोना लिंडाउराची पाच मिनिटं

दोना लिंडाउरा उंचीने इतक्या बेताच्या आहेत की लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पिवळं हेल्मेट आपल्या पायांनी चालत येतंय. हेल्मेटखाली चष्मा, चष्म्याखाली गळ्यात शिट्टी, आणि त्याखाली जे काही उरतं तो सगळा आवाज. एकदा त्यांनी कामावर "मागे व्हा!" म्हणून आरोळी दिली, तर आमच्याबरोबर रस्त्यापलीकडच्या पावाच्या दुकानातली गिऱ्हाइकंही दोन पावलं मागे सरकली. दुसऱ्या दिवशी दुकानदार हात पुसत येऊन विचारतो, "बाई, आज कितपत मागे राहायचंय?"

आमचं काम असं. एखादा पेट्रोल पंप बंद पडतो. जमिनीखाली लोखंडी टाक्या असतात, त्या तीस-तीस वर्षं हळूहळू पाझरत बसलेल्या. वरच्या जागेवर कुणाला सुपरमार्केट बांधायचं असतं, कुणाला चर्च. सरकार म्हणतं, आधी माती तपासून आणा. मग आम्ही जातो. भोकं पाडतो, माती वर काढतो, बरण्यांत भरतो, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेला पाठवतो. साव पावलोच्या या आतल्या मुलखात ऊस आणि बंद पंप ही दोन पिकं बारमाही, त्यामुळे कामाला तोटा नाही.

टोळी चौघांची. भोकं पाडणारे सेउ अदाउतो; आमच्याकडे बाईला मानाने दोना म्हणतात, वडीलधाऱ्या माणसाला सेउ. त्यांचा जोडीदार जासी. मी ओदाइर, कोंबी गाडी चालवतो आणि बरण्या भरतो. आणि चौथ्या दोना लिंडाउरा, ज्यांचं काम आम्हा तिघांना संध्याकाळी घेऊन आलो तितक्याच अवयवांसह घरी पाठवणं. त्यांच्या हुद्द्याचं नाव छातीवरच्या पट्टीत मावत नाही, पण अर्थ एवढाच.

रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी गोल उभं राहून सुरक्षिततेवर बोलायचं, ही रीत आमच्या देशात सगळीकडे आहे. बहुतेक ठिकाणी साहेब कागद वाचतो, बाकीचे जांभया देतात आणि शेवटी सगळे सही करतात. बाईंच्या गोलात कागद नाही. तिथे पाळीपाळीने एकेकाने आपली चूक सांगायची. कामावर झालेली, किंवा होता होता राहिलेली. दुसऱ्याची चूक चालत नाही. सांगून संपेपर्यंत हसायचं नाही. संपल्यावर हसायला परवानगी आहे. याचं नाव 'पाच मिनिटं'. वीस लागतात.

मला या प्रकाराचा त्रास कधी झाला नाही. माझ्याजवळ चुकांचा साठा एवढा, की जासी अडला तर मी त्याला उसनी देऊ केली होती. अडायचे ते सेउ अदाउतो. पाळी आली की ते घसा साफ करायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "माझ्या हातून तर काही झालेलं नाही. पण अठ्ठ्याऐंशी साली आमच्यात एक माणूस होता, तो…"

"दुसऱ्याची नको, सेउ अदाउतो."

"मग माझी नाहीच."

"बरं. मी थांबते," असं बाई म्हणायच्या आणि पुढच्या माणसाकडे वळायच्या. असं एकोणीस महिने चाललं.

बाईंचं स्वतःचं सांगायचं तर त्या मूळच्या पंपावरच्याच. ऊसतोड्यांची मुलगी. विसाव्या वर्षी पंपावर पेट्रोल भरायला लागली ती अकरा वर्षं. खिशात लाल फडकं. त्यानेच नळीचं तोंड पुसायचं, त्यानेच गाडीची काच, त्यानेच कपाळाचा घाम. गिऱ्हाईक म्हणायचं, "गळ्यापर्यंत भर, पोरी," आणि पोरगी टाकीवर वाकून, कान लावून, नाक लावून गळ्यापर्यंत भरायची. एकतिसाव्या वर्षी जिने चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही करता काय?" पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, ते वासावाटे आत जातं आणि रक्त जिथे तयार होतं तिथे जाऊन ठाण मांडतं, हे बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी पंप सोडला, शाळेत नाव घातलं आणि पोरासोरांच्या बाकावर बसून छत्तिसाव्या वर्षी सुरक्षेचा डिप्लोमा घेतला. रक्त पुढे सावरलं. ते लाल फडकं अजून त्यांच्या टेबलावर आहे, मातीच्या नमुन्याच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. वर चिठ्ठीही आमच्या पद्धतीचीच. ठिकाण : लिंडाउरा. खोली : शून्य.

असली बाई नुसतं ओरडून थांबेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने जासीच्या दाढीची गोष्ट ऐकावी. तोंडावरचा मास्क चामडीला चिकटून बसला तरच उपयोगाचा. दाढी असली की प्रत्येक केसाखालून वाफ फुकट आत. पण जासीची दाढी नवसाची. आमच्या गावचा फुटबॉल संघ वरच्या गटात जाईपर्यंत दाढीला पातं लावणार नाही, असा त्याने संत अंतोनियोला शब्द दिला होता. त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या काळात संघ दोनदा खालच्या गटात गेला आणि दाढी छातीवर आली.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. एका रविवारी जासीचा हात धरून त्याला थेट पाद्रीबाबांकडे घेऊन गेल्या.

"बाबा, नवस बदलून मिळतो का?"

"तितकाच कठीण असेल तर मिळतो," पाद्रीबाबा म्हणाले.

"सामन्याच्या दिवशी बियर नाही," बाई म्हणाल्या.

जासी घाबरून म्हणाला, "बाबा, दाढी राहू द्या. मी मास्क हाताने दाबून धरीन!"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून पाद्रीबाबांना खात्री पटली की हा नवस जास्तच कठीण आहे. दाढी गेली. आता जासी दर रविवारी आमच्या संघाची हार कोरड्या घशाने बघतो, आणि एवढी तपश्चर्या पाहून तरी संताला दया यावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं.

तर दाढी हरली. पण बाईंना नाक काही हरवता येईना.

ते नाक सेउ अदाउतोंचं. दिसायलाही दोन माणसांना पुरेल एवढं, पण कीर्ती आकारामुळे नव्हती. मातीची चिमूट अंगठ्यावर चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "डिझेल. जुनं." पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद यायचा, डिझेल. इंजिनिअर मंडळी मुद्दाम बघायला यायची. सगळे त्यांना 'नाक' म्हणायचे आणि त्यांना ते पदवीसारखं वाटायचं. तेवढ्या क्षणापुरता ते मास्क खाली ओढायचे. बाई ओरडायच्या, "सेउ अदाउतो, माती म्हणजे तपकीर नव्हे!" मग त्यांनी बाईंची पाठ वळायची वाट बघायला सुरुवात केली. चिमूट ते आधी माझ्यापुढे धरायचे. "घे, शीक काहीतरी. आधी शिष्य, मग गुरू." मीही मास्क खाली ओढून हुंगायचो. एवढा मोठा माणूस आपल्याला शिकवतोय म्हणून मान ताठ व्हायची.

गेल्या जूनमध्ये आम्ही सांता ओफेलिया गावातल्या एका पंपावर होतो. पंप बंद होऊन पंधरा वर्षं झालेली. मालक चौऱ्याऐंशी वर्षांचा, त्याने हाताने काढून दिलेल्या नकाशात चार टाक्या. दहा भोकं पाडायची होती. पहिला हातभर भाग हातानेच खणायचा आणि मग मशीनचा दांडा खाली घालायचा, कारण जमिनीखाली काय पुरलंय हे मशीन विचारत नाही. शुक्रवारी सांव जुआंवचा सण. घरोघरी शेकोट्या, नाच, मक्याचे पदार्थ. सेउ अदाउतोंची नात पहिल्यांदा नाचणार होती. कसंही करून गुरुवारी संपवायचं, असं सगळ्यांच्या मनात होतं.

मंगळवारी दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या.

पहिली माझी. आमच्याकडे वाफ मोजायचं एक यंत्र होतं, थर्मासएवढं, हिरवट, पुढे चोच. हवेत पेट्रोलची वाफ आहे का, आणि ती पेट घेण्याच्या किती जवळ आहे, हे ते सांगायचं. वाफ लागली की किंचाळायचं, म्हणून त्याला सगळे पोपट म्हणायचे. बाईंनी पोपट खाली ठेवला आणि त्या भोकांभोवती कुंपणाच्या दोऱ्या बांधायला गेल्या. मला आठवडाभर सर्दी. डोकं भोपळ्यासारखं झालेलं. कोंबी मागे घेतली आणि चाकाखाली करकर असा आवाज आला.

बाई आल्या. बघितलं. "ओदाइर, गाडीतून उतर बाळा. पुढे-मागे करू नकोस. एकदा मेलाय, पुरे."

दुसरी गोष्ट त्या गडबडीत, कुणाचं लक्ष नसताना. कोपऱ्यातलं सात नंबरचं भोक नुकतंच हातभर खणून झालं होतं. सेउ अदाउतोंनी चिमूट घेऊन सवयीप्रमाणे माझ्यापुढे धरली. मी हुंगली. पोपटाच्या दुःखातून मन वळवायला गाणं गुणगुणत होतो, तो गुणगुणतच राहिलो. मग त्यांनी स्वतः हुंगली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "स्वच्छ. नुसती माती." जासीने भोकावर फळी ठेवली.

बुधवारी सकाळी बाईंनी काम बंद ठेवलं. इंजिनिअर एव्हांद्रो साहेबांचा फोन आला, तो त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"दोना लिंडाउरा, नवं यंत्र उद्या दुपारशिवाय मिळत नाही. आज मशीन लावून टाका."

"पोपट नाही तर भोक नाही, साहेब."

"अहो, अदाउतो आहेत ना तिथे! तीस वर्षांचं नाक आहे."

"नाक दरवर्षी तपासायला जात नाही. पोपट जायचा."

मागून सेउ अदाउतो म्हणाले, "बाई, मी आहे ना. सात नंबर तर मी स्वतः बघितलाय. तिथून सुरुवात करू." आवाजात थोडा राग होता. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

साहेब म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः येतो आणि काय ते ठरवतो."

"या," बाई म्हणाल्या. "पण पाच मिनिटांच्या आधी या."

त्या दिवशी हात रिकामे म्हणून जेवायला लवकर बसलो. माझा मंगळवारचा डबा सर्दीमुळे तसाच राहिला होता, कोंबीत सीटखाली, उन्हाच्या बाजूला. राजमा आणि भात. माझा आणि सेउ अदाउतोंचा डबा एकाच दुकानातला, एकाच निळ्या झाकणाचा. त्यांनी चुकून माझा शिळा उचलला. झाकण उघडलं तशी जासीने नाकाला रुमाल लावला. पंपावर रोज भाकरतुकड्याला येणारं पिवळं कुत्रं उठून रस्ता ओलांडून गेलं. सेउ अदाउतो शांतपणे एक घास, दुसरा घास, तिसरा घास. मग बायकोच्या हातचंच समजून मान हलवून म्हणाले, "दाल्वाने आज लिंबू पिळलंय वाटतं. बरं लागतंय."

मला हसू आवरेना. जासी तर पोट धरून आडवा झाला. मी म्हटलं, "सेउ अदाउतो, तो माझा कालचा डबा! कुत्रं पळालं बघा!"

ते डब्यात वाकून बघत म्हणाले, "अरे, मला कळलं होतं. तुम्हाला हसवावं म्हणून खाल्लं." आणि त्यांनी आणखी एक घास घेतला, सिद्ध करायला.

बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी सेउ अदाउतोंच्या हातातून डबा काढून घेतला आणि स्वतःचा पुढे केला.

दुपारी मी कोंबीत आडवा पडलो होतो. खिडकी उघडी. बाई सेउ अदाउतोंना घेऊन गाडीच्या मागे आल्या. मी झोपलोय असं दोघांनाही वाटलं, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

"हे दोन कप घ्या," बाई म्हणाल्या. "एकात सॅलडवरचं व्हिनेगर आहे. कुठल्यात ते सांगा."

दोनदा लांब श्वास ओढल्याचा आवाज आला. मग सेउ अदाउतो म्हणाले, "डाव्या."

"दोन्हीत आहे, सेउ अदाउतो."

मला शिंक येत होती ती मी उशीत जिरवली.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "एका सकाळी दाल्वा कॉफी करत होती आणि मला वाटलं नुसतं पाणी उकळतंय. तेव्हापासून."

"मग डिझेल, पेट्रोल, ते सगळं?"

"ओदाइर."

"ओदाइरचं काय?"

"त्याचं तोंड. डिझेल असलं की नाक मुरडतो. पेट्रोल असलं की डोळे मिचकावतो. जुनं असलं तर दोन्ही करतो. काही नसलं तर गाणं म्हणतो. म्हणून मला मास्क नको असायचा, बाई. माझ्या नाकासाठी नव्हे. त्याच्या तोंडावर मास्क आला की मी आंधळा."

मी उशीत तोंड खुपसून पडून होतो. तीन वर्षं मी त्यांचा शिष्य आहे असं समजत होतो, आणि मी होतो त्यांचं यंत्र. तेही एकदाही तपासून न घेतलेलं.

"आणि सात नंबरला?" बाईंनी हळूच विचारलं.

"गाणं म्हणत होता."

"त्याला सर्दी आहे, सेउ अदाउतो."

यानंतर जे काही झालं ते मला दिसलं नाही, नुसतं कोंबीला कुणीतरी टेकल्याचं कळलं. गाडी एका बाजूला झुकली.

"उद्या साहेब आले असते आणि मी म्हटलं असतं, लावा मशीन," सेउ अदाउतो म्हणाले. "जासी दांड्यापाशी उभा असतो."

"हो."

"बाई, नाक गेलं म्हणजे मी गेलो. भोकं कुणीही पाडतं. लोक मला बघायला येतात ते… दाल्वालासुद्धा सांगितलेलं नाही."

"उद्या सकाळी पाळी तुमची आहे," बाई म्हणाल्या. "मला हे लिहावं लागणार, आणि मी लिहिणार. डॉक्टरकडेही तुम्हाला नेणार, मी स्वतः. पण लिहीन पाच मिनिटं झाल्यावर."

"आणि मी नाही बोललो तर?"

"तर मी बोलेन. पण तुमची चूक माझ्या तोंडून सगळ्यांनी ऐकावी, एवढी ती लहान नाही."

गुरुवारी सकाळी थंडी होती, लाल मातीवर दव. एव्हांद्रो साहेब नवे कोरे बूट घालून आले. हातातल्या घड्याळाकडे बघत गोलात उभे राहिले. मी सेउ अदाउतोंकडे बघत नव्हतो, म्हणजे बघत होतो, पण हेल्मेटच्या कडेखालून. त्यांनी दाढी गुळगुळीत केली होती. शर्ट इस्त्रीचा. इस्त्रीचा शर्ट घालून माती काढायला आलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. आता हे काय करणार, बोलणार की कामच सोडून जाणार, मला काही कळेना.

"पाळी कुणाची?" बाईंनी विचारलं, जसं त्यांना माहीतच नव्हतं.

सेउ अदाउतोंनी घसा साफ केला. टोपी नीट केली. "अठ्ठ्याऐंशी साली," ते म्हणाले, आणि मी हेल्मेटची कड आणखी खाली ओढली. मग ते थांबले. "अठ्ठ्याऐंशी साली मी या कामाला लागलो. तेव्हापासून माझ्या एकोणतीस-तीस चुका झाल्या असतील. त्या मी दुसऱ्याच्या नावावर सांगत आलो. तो 'एक माणूस होता' म्हणतो ना मी, तो मीच."

जासीचा जबडा खाली आला. एवढ्या चुका करूनही हा माणूस जिवंत कसा, असं त्याला वाटत असावं.

"पण आजची चूक नवी आहे आणि मोठी आहे. माझं नाक तीन वर्षांपूर्वी मेलंय. मला वास येत नाही. कशाचाच नाही. काल मी नासलेला राजमा खाल्ला तो विनोद म्हणून नव्हे, मला कळलंच नाही. तीन वर्षं मी ओदाइरचं तोंड बघून तुम्हाला माती सांगितली. मंगळवारी त्याला सर्दी होती. तेव्हा साहेब, सात नंबर स्वच्छ आहे हे जे मी म्हणालो, ते कुणीच बघितलेलं नाही. ना मी, ना तो. माझ्या शब्दावर तिथे मशीन लावू नका. झाली माझी."

नियमाप्रमाणे आता हसायला परवानगी होती. कुणी हसलं नाही. पावाच्या दुकानातला दुकानदारही झाडू हातात धरून उभा. साहेबांनी घड्याळ बाहीखाली सारलं.

मग जासी हळूच म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं आपला पोपट ओदाइर होता?"

आणि पहिले हसले ते सेउ अदाउतो. इतके, की त्यांना टोपी काढावी लागली. मग सगळेच. मीही, नाक पुसत. बाईंनी चष्मा काढून पुसला. तो काही हसण्याने ओला झाला नव्हता, पण मी इथे चहाडी करणार नाही.

"मशीन बंद," साहेब म्हणाले. "यंत्र येईपर्यंत कुणी सात नंबरजवळ जायचं नाही."

"ते मी कालच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या, आणि वहीत लिहायला बसल्या.

दुपारी नवा पोपट आला. बाईंनी सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला उभं केलं, गाड्यांची इंजिनं बंद करायला लावली, जासीला मास्क घालून लांब दांडीने फळी सरकवायला सांगितली आणि स्वतः मास्क लावून लांबूनच पोपटाची नळी भोकाकडे नेली. नळी अजून वीतभर दूर होती आणि पोपट असा किंचाळला की पिवळं कुत्रं दुसऱ्यांदा पळालं, या वेळी थेट गाव सोडून. बाईंनी शिट्टी फुंकली. आम्ही मागे झालो. दुकानदारही झाला, न विचारता.

तिथे पाचवी टाकी होती. नकाशात नसलेली, आमच्या दांड्याच्या बरोबर खाली, अडीच हातांवर, निम्मी पेट्रोलने आणि निम्मी वाफेने भरलेली. एव्हांद्रो साहेबांनी म्हाताऱ्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "ती होय! ती माझ्या सासऱ्याची. आमचं बोलणं नव्हतं, म्हणून मी ती काढली नाही." त्याला म्हणायचं होतं, नकाशात काढली नाही. जमिनीतून तर नव्हतीच काढली. लोखंडाचा दांडा फिरत फिरत त्या पत्र्यावर घासला असता तर काय झालं असतं, हे कुणी मोठ्याने बोललं नाही. जासी मात्र जिथे उभा राहणार होता त्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने आपल्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला.

टाकी रिकामी करणारी दुसरी टोळी सोमवारी येणार होती. म्हणजे शुक्रवार सुट्टीचा. एवढ्या घाईत संपवायचं होतं ते काम न संपल्यामुळेच आम्ही सणाला वेळेवर पोचलो. सेउ अदाउतोंची नात फ्रिलचा झगा घालून, गालांवर ठिपके काढून नाचली आणि मधेच आजोबांना बघून नाच विसरली. दाल्वाबाईंनी आलं-लवंग घातलेली गरम दारू आणली. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. कप नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "तीन वर्षं म्हणत होते, 'काय वास सुटलाय, दाल्वा!' खोटारडे!" आणि त्यांच्याच शेजारी टेकून बसल्या.

सेउ अदाउतोंनी कप नाकाशी धरला. "ओदाइर, कसा आहे रे वास?"

माझी सर्दी अजून गेली नव्हती. मी बाईंकडे बघितलं. बाई शेकोटीपाशी होत्या, हेल्मेटशिवाय. त्या दिवशी मला कळलं, त्यांना केस आहेत. त्यांनी कप घेतला, डोळे मिटले आणि सेउ अदाउतोंच्याच थाटात, अगदी त्यांच्याच सुरात जाहीर केलं, "आलं. लवंग. करपलेली साखर. जुनी."

डॉक्टर म्हणाले, ते नाक परत येईल असं वाटत नाही. सेउ अदाउतो अजून आमच्यातच आहेत. इतकी वर्षं वासाच्या नादात त्यांचे डोळे आणि हात काय चीज आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. आपली लाल माती तेलाने नासली की आतून राखाडी पडते. ती केसाएवढी राखाडी रेघ त्यांना मास्क न काढता दिसते आणि आम्हाला भिंगातूनही दिसत नाही. दुसऱ्या टोळ्यांत नवीन माणसं आली की साहेब बाईंना आणि त्यांना पाच मिनिटांसाठी बोलावतात. सेउ अदाउतो उभे राहतात आणि सुरुवात करतात, "मी अदाउतो. मला सगळे 'नाक' म्हणतात. कारण ऐका."

बाईंनी त्यांना एक शिट्टी दिली. आमच्या टोळीत आजवर शिट्टी एकच होती. त्यांनी ती पहिल्यांदा फुंकली ती गेल्या महिन्यात. एव्हांद्रो साहेब तपासणीला आले होते. मास्क मानेत अडकवलेला. बोलता बोलता वाकले, मातीची चिमूट उचलली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. हे कुणाकडून शिकले होते ते सांगायला नको. तेवढ्यात त्यांच्या कानापाशी अशी शिट्टी वाजली की चिमूट हवेत उडाली.

"साहेब," सेउ अदाउतो म्हणाले, "माती म्हणजे तपकीर नव्हे."

साहेबांनी मुकाट्याने मास्क वर घेतला. दोना लिंडाउरा पलीकडे दोऱ्या बांधत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त पिवळं हेल्मेट दोन बोटं उंच झाल्यासारखं मला वाटलं.